साक्ष कुणाची

वाई, २४ एप्रिल २०२५

प्रिय शांतू,

प्रभूमध्ये सलाम. तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, त्यातल्या दोन उन्हाच्या. सांगलीत बेचाळीस डिग्री आहे हे मला टीव्हीवर कळतं, त्यासाठी पोस्टाला कशाला त्रास द्यायचा?

आमच्या वाईच्या आणि तुमच्या सांगलीच्या चर्चच्या मंडळीने मिळून हे उन्हाळी वाचन काढलं, ते चांगलंच केलं. पण दोन गावांतल्या माणसांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावायच्या ही कुणाची अक्कल? माझ्या चिठ्ठीत माझाच मावसभाऊ निघाला. मला वाटलं होतं, कुणी अनोळखी बाई मिळेल, चार नवीन गोष्टी कळतील. मिळाला कोण, तर लहानपणी माझ्या जुन्या वहीतली उत्तरं उतरवणारा शांतवन. त्यात पाळकांचा नियम, की फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं. फोनवर माणूस हूं हूं करून सुटतो, पत्रात सुटत नाही, असं ते म्हणाले. हे मात्र मला पटलं.

आता पुस्तकाबद्दल. निळ्या पुठ्ठ्याचं, चौदा प्रकरणांचं, सगळं क्षमेवर. लिहिणारा कुणी जुना उपदेशक आहे आणि त्याची भाषा गोड आहे, त्यामुळे मला पहिल्यापासूनच राग येतोय. क्षमा मागितली की ओझं हलकं होतं म्हणे. ज्याच्या डोक्यावर आपण ओझं ठेवलं त्याचं काय होतं, याबद्दल तीन प्रकरणं झाली तरी एक अक्षर नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक प्रश्न आहे. तिसऱ्याच्या शेवटी विचारलंय, "हे वाचताना कुणाचा चेहरा समोर आला?" मी पुस्तक मिटलं आणि भांडी घासायला घेतली.

एक जूनला तुमच्याकडे साक्षीचा रविवार आहे. या पुस्तकाने आपलं काय केलं, ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. तू मंडळीचा वडील, कारभार बघणारा, तुला आधी उभं करतील. तेव्हा वाच.

तुझी अक्का,
तबिथा


सांगली, २ मे २०२५

प्रिय तबिथाअक्का,

प्रभू येशूच्या गोड नावात सलाम.

तुझं पत्र वाचून आनंद वाटला. चौसष्टाव्या वर्षीही तुझा तोफखाना थंड पडलेला नाही. अगं, पुस्तक म्हणजे अमृत आहे अमृत. पाच प्रकरणं झाली. एकेक ओळ काळजाला भिडते. मी तर रोज सकाळी प्रार्थनेनंतर वाचतो आणि दिवसभर तेच मनात घोळतं.

मंडळीच्या कामाचा व्याप मात्र फार. चर्चला रंग द्यायचा आहे. पांढरा की फिकट पिवळा, यावर वडीलमंडळाच्या तीन बैठका झाल्या. आमच्या शेजारच्या गुणमालावहिनी म्हणाल्या, आमच्या देवळाला, बस्तीला, रंग देतानाही असंच भांडण झालं होतं. म्हणजे जैन असोत की ख्रिस्ती, रंगाच्या बाबतीत सांगलीकर सारखेच. त्यात दुपारी डोळा लागतोच. कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो तेव्हा दुपारची झोप माहीत नव्हती, निवृत्त झालो आणि तिने मला धरलं.

कुणाचा चेहरा समोर आला ते तू लिहिलं नाहीस. मला सांगायला काय हरकत आहे? मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन.

तुझा,
शांतवन


वाई, ९ मे २०२५

शांतू,

सलाम.

तू पाच प्रकरणं वाचलीस म्हणतोस. मग चौथं प्रकरण वाचताना तुला काही वेगळं करावं लागलं का? एवढंच सांग. मी उत्तर सांगणार नाही. ज्याने चौथं प्रकरण उघडलं त्याला विचारावंच लागत नाही.

तू वाचत नाहीस याचा संताप आहे, तरी तुलाच लिहिते आहे, कारण आता कुणाला तरी लिहिल्याशिवाय मला सातवं प्रकरण पुढे नेता येईना.

मी नर्स होते तेव्हा आमच्या दवाखान्यात हरणाबाई नावाची आया होती. माण तालुक्यातली, धनगराची. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी. हात हलका, पेशंटला कुशीवर वळवायची ते पेशंटला कळायचं नाही. एकोणनव्वद साली उंब्रजच्या एका म्हाताऱ्या बाईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. भूल उतरली नव्हती, अंग गार पडलं होतं. मी हरणाबाईला गरम पाण्याची पिशवी भरायला सांगितली. तिने भरून दिली. पिशवीला कापड गुंडाळायचं आणि मगच पायाशी ठेवायची, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी गुंडाळलं नाही. घाईत होते म्हणून नव्हे, शांतू. माझं त्या दिवशी लक्षच नव्हतं, नवीन साडीचा विचार करत होते. बाईच्या दोन्ही टाचांना फोड आले, कातडी गेली, महिनाभर तिला चालता आलं नाही.

मेट्रनबाईंनी दोघींना समोर उभं केलं. हरणाबाई म्हणाली, "सिस्टरनी कापड लावलं न्हवतं." मेट्रनबाईंनी मला विचारलं, "तू गुंडाळलं होतंस ना?" मी म्हणाले, "हो."

एवढंच. आयाने पाणी उकळतं भरलं असं ठरलं आणि तिला त्याच दिवशी काढलं. ती बोचकं घेऊन वॉर्डातून गेली तेव्हा सहा खाटांवरच्या बायका बघत होत्या. मी औषधाच्या कपाटाकडे तोंड करून उभी होते.

त्यानंतर छत्तीस वर्षं मी दर महिन्याला प्रभुभोजन घेतलं. रविवारच्या शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली. या सगळ्याची मला आज चीड येते आहे, आणि ती चीड काढायला घरात दुसरं कुणी नाही.

आमच्या दवाखान्यातले जुने शिपाई नाथाजी भेटले होते, त्यांच्याकडे चौकशी केली. हरणाबाई जिवंत आहे, दहिवडीच्या अलीकडे तिचं गाव. मी जाणार आहे. तिच्या समोर बसून हे सांगणार आहे. ते झाल्यावरच वाचन पूर्ण झालं असं म्हणेन.

हे पत्र वाचून फाडून टाक.

अक्का


सांगली, २० मे २०२५

प्रिय अक्का,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी तुला लहानपणापासून ओळखतो, आणि हे मला माहीत नव्हतं.

तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहे. प्रार्थनेत गोष्ट नेमकी मांडता यावी म्हणून दोन-तीन गोष्टी विचारतो. त्या आयाला तेव्हा मुलंबाळं होती का? काढल्यावर ती काही बोलली का, की गप्पच गेली? आणि तुला रडू कधी आलं, लगेच की नंतर?

चौथ्या प्रकरणाचं म्हणशील तर प्रत्येकाची वाचायची पद्धत वेगळी असते. साक्षीच्या रविवारी मला पहिलं बोलायचं आहे. पाळक म्हणाले, वडिलांनी मन उघडं केलं तर बाकीचे करतील. विषय अजून सापडलेला नाही.

शांतवन


वाई, २६ मे २०२५

शांतू,

सलाम. एक मुलगी होती, चार वर्षांची. हरणाबाई जाताना काहीच बोलली नाही. रडू मला आलंच नाही, म्हणून तर छत्तीस वर्षं गेली. प्रार्थनेत एवढे तपशील लागतात हे मला नवीन आहे, पण तू वडील आहेस, तुला जास्त कळत असेल.

नऊ प्रकरणं झाली. लेखकाला नवव्यात जाग आली. ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जा, देवाच्या दारात नंतर ये, असं लिहितो. हेच पहिल्या पानावर लिहिलं असतं तर माझा एक महिना वाचला असता.

जूनमध्ये ऊन उतरलं की जाते. आता एसटीत बसवत नाही. काय बोलायचं ते मनात जुळवते आहे.

अक्का


वाई, ६ जून २०२५

शांतवन,

या पत्राला सलाम नाही.

काल आमच्या मंडळीतल्या बायकांनी मला मोबाइलवर तुमच्या साक्षीच्या रविवारचा व्हिडिओ दाखवला. "बघा तुमचा भाऊ काय सुंदर बोलला, आम्हांला रडवलं." मी बघितलं. तू पांढरा शर्ट घालून उभा होतास. कारखान्याच्या दवाखान्यात आपण कंपाउंडर होतो, भुलीतल्या पेशंटच्या पायाशी आपण कापड न लावता पिशवी ठेवली, आणि "एका गरीब आयाबाईची" नोकरी आपण एका खोट्या "हो"ने घालवली, असं तू सांगितलंस. औषधाच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिलो, असंही म्हणालास. तिची चार वर्षांची मुलगीसुद्धा तू त्यात घातलीस. त्यासाठीच विचारलं होतंस ना? कारखान्याच्या दवाखान्यात ऑपरेशनं कधी झाली, एवढं विचारायला त्या सगळ्या मंडळीत एक माणूस नव्हता.

आणि शेवटी डोळे पुसून म्हणालास, "प्रभूने मला क्षमा केली."

कशाची केली रे? तू काय केलं होतंस? लहानपणी वहीतलं उतरवायचास तेव्हा चुकाही माझ्याच उतरवायचास. आता माझं पापसुद्धा उतरवून घेतलंस, आणि त्यावर माफीही मिळवून बसलास. पाळकांनी तुला मिठी मारली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्याकडे सांगायला जे एक होतं, ते तू माइकवर वापरून टाकलंस.

मी त्या बाईच्या समोर जाऊन सांगणार होते. आता मी सांगितलं तर लोक म्हणतील, ही भावाची साक्ष ऐकून आली.

ते पत्र फाडायला सांगितलं होतं. फाडलं नाहीस हे दिसलंच.

तबिथा


सांगली, १३ जून २०२५

अक्का,

तू सलाम घातला नाहीस, मी घालतो. सलाम.

चुकलो. मी पुस्तक वाचलं नव्हतं. रविवारी सकाळी पुस्तक उघडलं तेव्हा त्यात तुझं पत्रच होतं, खूण म्हणून ठेवलेलं. नाव घेतल्यावर मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून तेच आलं. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे. एकसष्ट वर्षांत मी सांगण्यासारखं एकही पाप केलेलं नाही, की केलं आणि विसरलो, हे मला त्या क्षणी कळेना.

पण अक्का, मलाही थोडं बोलू दे. नऊ मेला तू लिहिलंस, जाणार आहे. सव्वीस मेला लिहिलंस, जूनमध्ये जाते. आज तेरा जून. माणचं ऊन केव्हाच उतरलं. वाईहून साताऱ्याला आणि साताऱ्याहून दहिवडीला रोज एसटी सुटते. छत्तीस वर्षं सुटते आहे. मी तुझी साक्ष चोरली म्हणतेस, पण तू ती पेटीत घालून ठेवली होतीस. माझ्यामुळे निदान ती चारचौघांत बोलली तरी गेली. ऐकून दोन माणसांनी आपापसातलं भांडण मिटवलं, हे खोटं नाही.

आता मी मागे कसा फिरू? वडीलमंडळ म्हणतं, ही साक्ष मंडळीच्या पत्रकात छापायची. मी नको म्हणालो तर त्यांना तो माझा नम्रपणा वाटतो.

शांतवन


दहिवडीजवळ, माण तालुका, २२ जून २०२५

सांगलीचे शांतवन यांना,

मी हरणाबाई. मी सांगतीया आन् माजी नात रेश्मा लिवतीया. तिला म्या सांगितलंया, माजं बोलणं हाय तसं लिव, कालेजातलं करू नगंस.

रेश्मा सांगलीत नर्सिंग शिकतीया. तिच्या खोलीतली पोरगी तुमच्या मंडळीची, तिच्यासंगं ही त्या रईवारी मागं बसली हुती. घरी आली आन् म्हनली, आजी, तुज्यासारखीच गोष्ट एका बाप्यानं सांगितली. मोबाइलवर लावली. म्या दोनदा ऐकली. तुमचा पत्ता त्या पोरीनंच दिला.

आवं, ही तुमची गोष्ट न्हवं. तुमी तितं न्हवता. तो पाय वाईत भाजला, सांगलीत न्हाई. पिशवी म्या भरली. पाणी उकळतं न्हवतं, मनगाटावर घिऊन बघितलं हुतं. कापड लावलं न्हाई ते तबिथा सिस्टरनी. कपाटाकडं तोंड करून उबी हुती तीबी तीच, तिच्या पाठीवरची वेणी मला अजून दिसती. ही गोष्ट तुमच्याकडं तिच्याबिगार कुणाला ठावं न्हाई, तवा तिनंच तुमास्नी सांगितली असणार. म्हंजी तिला याद हाय. मला वाटलं हुतं, ती इसरली.

आता माजं ऐका. तुमी म्हनला, एक गरीब बाई. त्या बाईला नाव हाय. गरीबबी म्या न्हवते, चांगली पगारी आया हुते. गरीब म्या त्या दिसापासनं झाले. गावात आले तर लोक म्हनले, हिनं म्हातारीचे पाय भाजले. माजा हात वाईट ठरला. म्या कैक बाळंतिणी सांबाळल्या हुत्या, पन त्या दिसापासनं कुणाच्या बाळंतिणीला पाणी तापवायला सुदिक मला हाक न्हाई आली. माज्या लेकीचं पोर झालं तवा तिच्या सासूनं मला खोलीत घितलं न्हाई. ती ही रेश्मा.

तुमी डोळं पुसलं आन् म्हनला, देवानं क्षमा केली. केली आसंल. तुमच्या देवाचं मला ठावं न्हाई. पन त्येनं मला इचारलं का? तुमी इचारलं का? भाजलं त्या म्हातारीला, काम गेलं माजं, आन् माफी तुमी आपसांतच वाटून घितली. तुमी साक्ष म्हनता तिला. साक्ष देनारा तितं हजर लागतो. हजर म्या हुते.

तबिथा सिस्टरला सांगा, हरणाबाईचं घर येष्टीच्या थांब्यापासनं धा मिनटावर हाय. तिनं यावं. तुमी येऊ नका.

हरणाबाईचा अंगठा


सांगली, ३० जून २०२५

अक्का,

सोबत हरणाबाईचं पत्र आहे. मूळच पाठवतो, नक्कल काढायची हिंमत झाली नाही.

काल उपासनेनंतर मी उभा राहिलो आणि सांगितलं, एक तारखेला मी दिलेली साक्ष खोटी होती. ती दुसऱ्याच्या पत्रातून घेतली होती. तुझं नाव घेतलं नाही. कुणी रडलं नाही, कुणी मिठी मारली नाही. बाहेर चपला घालताना सगळे खाली बघत होते. मी वडीलपद सोडलं. पत्रकात काही छापणार नाहीत. एक बाई म्हणाली, "आम्हांला फसवलंत," आणि ते बरोबरच आहे.

घरी येऊन पुस्तक पहिल्यापासून उघडलं. चौथं प्रकरण सगळ्याच प्रतींत उलटं बांधलेलं आहे. पुस्तक फिरवून धरल्याशिवाय त्यातली एक ओळ वाचता येत नाही. हेच तू मे महिन्यात विचारलं होतंस. मी आज वाचलं.

त्याच्या शेवटी प्रश्न आहे, "तुम्ही कुणाच्या जागेवर बसला आहात?" तिथेच थांबून तुला हे पत्र लिहायला घेतलं.

जा, अक्का.

शांतवन


वाई, ८ जुलै २०२५

प्रिय शांतू,

प्रभूमध्ये सलाम.

काल जाऊन आले. सकाळची गाडी धरली, साताऱ्याला बदलली. काय बोलायचं ते महिनाभर जुळवलं होतं, गाडीत पुन्हा जुळवलं. तिचं पत्र पिशवीत होतं.

हरणाबाई दारातच बसली होती. केस सगळे पांढरे, पण हात तेच. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, "ऱ्हाऊं द्या. आदी बसा. बायका येऊं द्या." मला कळेना. मग शेजारच्या सात-आठ बायका आल्या आणि ओट्यावर ओळीने बसल्या. तिने त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं. म्हणाली, "सहा खाटांवरच्या बायकांनी मला जाताना बगितलं हुतं. त्या आता कुटनं आणू? ह्या ऐकतील."

मी सुरू केलं. म्हणाले, हरणाबाई, मी छत्तीस वर्षं देवाजवळ प्रार्थना करते आहे. तिने हात वर करून थांबवलं. "देवाचं मागनं. आदी पिशवीचं सांगा."

शांतू, मी जुळवलेलं सगळं तिथेच गळून पडलं. पिशवीचं सांगितलं. कापडाचं सांगितलं. नवीन साडीचंही. मेट्रनबाईंनी काय विचारलं आणि मी काय म्हणाले, ते सांगितलं. एक बाई म्हणाली, "आगं बया, म्हंजी हरणाबाई खरं बोलत हुती." हरणाबाई तिच्याकडे वळून म्हणाली, "म्या तुला लगीन होऊन आलीस तवापासनं सांगतीया."

मग रेश्माने वही आणली. हरणाबाई म्हणाली, लिहून द्या. मी लिहिलं. नाव, साल, वॉर्ड, सगळं. रेश्माने वाचून दाखवलं. "माझ्या हातून चूक झाली" हे वाक्य आलं तशी ती म्हणाली, "चूक न्हवं. चूक पिशवीची. तुमी त्यानंतर खोटं बोलला. तसं लिवा." मी खोडून तसं लिहिलं आणि खाली सही केली. मला राग आला, खोटं सांगत नाही. चौसष्ट वर्षांची मी, आणि शाळेतल्या पोरीसारखं माझं शुद्धलेखन तपासलं जात होतं. पण तिने तपासलेलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

नंतर चहा झाला. मी विचारलं, हरणाबाई, मला माफ केलंस का? तिने वहीचं पान हाताने सारखं केलं. मग म्हणाली, "अजून न्हाई. मला लिवा-वाचायला येत न्हाई, आन् पोरगी सांगलीला जाती. हे कागूद वाचून दाखवाया कुणीतरी पायजे. फुडच्या उन्हाळ्यात तुमीच या आन् वाचा. ह्याच बायका बसतील, आनकी दोन येतील. त्याच्या फुडच्या उन्हाळ्यातबी या. माजं मन भरलं की म्या सांगन."

मी हो म्हणाले. या वेळचा हो खरा आहे.

गाडीत साताऱ्यापर्यंत तिच्यावर चिडले होते, साताऱ्यापासून वाईपर्यंत स्वतःवर. घरी येऊन चौदावं प्रकरण वाचलं. लेखक शेवटपर्यंत गोडच लिहितो, पण आता त्याचा राग आला नाही. बिचाऱ्याला हरणाबाई भेटली नव्हती.

तू उभा राहून खरं बोललास ते बरं केलंस. त्याबद्दल तुझ्यावरचा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा ठेवून घेते, तू पुन्हा आळस केलास तर लागेल. उरलेली प्रकरणं वाचून मला लिही, आणि या वेळी तुझ्या स्वतःच्या पापाचं लिही. असेल एखादं, शोध.

आणि तुमच्या पाळकांना सांग, पुढच्या उन्हाळ्यात वाचनाच्या चिठ्ठ्या टाकतील तेव्हा माझ्या नावाची टाकू नका. माझी जोडी ठरली आहे.

तुझी अक्का,
तबिथा